वाचकांचे प्रश्न : फेझच्या जुन्या शहरात पायी फिरताना

मोरोक्कोतील फेझ या शहराच्या जुन्या भागाविषयी, म्हणजे ‘फेझ अल-बाली’विषयी, या सदरात मध्यंतरी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. तटबंदीच्या आतली ही वस्ती नवव्या शतकापासून सलग नांदती आहे, तिच्या गल्ल्यांतून मोटारी चालत नाहीत आणि ती पाहायची तर पायीच पाहावी लागते, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न आज घेत आहे. आरंभी एक खुलासा करते. मोरोक्कोत अशा जुन्या तटबंद वस्तीला ‘मदीना’ म्हणतात. अरबीत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘शहर’ असा आहे. सौदी अरेबियातील मदीनेशी त्याचा संबंध जोडू नये.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठी ओलांडलेले आहोत. फेझच्या जुन्या शहरात नऊ हजारांहून अधिक गल्ल्या आहेत असे वाचले आणि धास्तीच वाटली. वाटाड्या घेतल्याशिवाय तेथे फिरता येईल का? वाट चुकलो तर काय करावे?

उत्तर : गल्ल्यांचा तो आकडा जवळजवळ प्रत्येक माहितीपुस्तिकेत असतो आणि तो वाचून प्रत्येक जण धास्तावतो. मीही धास्तावले होते. पहिले दोन दिवस मी मान खाली घालून मोबाइलमधला नकाशा पाहत चालले आणि पुन:पुन्हा चुकले, कारण उंच भिंतींच्या मधल्या हातभर रुंदीच्या वाटांमध्ये नकाशावरचा ठिपका भलत्याच गल्लीत दिसतो. तिसऱ्या दिवशी उमगले की, हे शहर नकाशापेक्षा पायांना लवकर कळते. फेझची वस्ती एका खोलगट दरीत आहे. दरीच्या तळाशी नदी आहे आणि दोन्ही तीरांवरचे उतार त्या नदीकडेच जातात. तुम्ही उतरत असाल, तर शहराच्या गाभ्याकडे चालला आहात. चढत असाल, तर तटाकडे आणि वेशीकडे चालला आहात. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की निम्मी भीती संपते.

बहुतेक प्रवासी पश्चिमेकडच्या बाब बू जलूद या वेशीतून आत येतात. तिची कमान बाहेरून निळी आणि आतून हिरवी आहे. ती पुरातन वाटत असली, तरी १९१३ मध्ये बांधलेली आहे. खरी जुनी वेस तिच्या शेजारीच, कोणाचे फारसे लक्ष जाणार नाही अशी उभी आहे. आत शिरल्यावर दोन मुख्य रस्ते खाली उतरतात, एक तलआ कबीरा आणि दुसरा तलआ सगीरा. ‘तलआ’ म्हणजे चढण. रस्त्यांना चढण हे नाव आहे आणि आपण तर उतरत असतो, याचे नवल वाटते. पण ही नावे खाली राहणाऱ्यांनी, मशिदीच्या आणि बाजाराच्या बाजूने पाहून दिलेली आहेत हे लक्षात आले की शहराचे केंद्र कोठे आहे तेही कळते. हे दोन्ही रस्ते थोड्याफार अंतराने एकमेकांच्या सोबतीने उतरतात आणि खाली अत्तारीन बाजाराच्या आसपास पुन्हा जवळ येतात. या दोहोंपैकी एक रस्ता कायम हाताशी ठेवावा. आडगल्लीत शिरावे, पाहावे आणि पुन्हा त्याच रस्त्यावर यावे.

दुसरी खूण व्यवसायांची. जुन्या फेझमध्ये धंद्यांची मांडणी मशिदीपासूनच्या अंतरावर ठरलेली आहे. करवीयीन ही मुख्य मशीद मध्यभागी आहे. तिच्या भिंतीलगत मेणबत्त्या, अत्तरे, मसाले आणि पूर्वी पुस्तके, म्हणजे जे स्वच्छ आणि सुवासिक मानले गेले ते, त्यापलीकडे किसारिया, म्हणजे तलम कापडाचा आणि वस्त्रप्रावरणांचा छताखालचा बाजार, मग तांबट, मग नदीकाठी रंगारी, आणि ज्या धंद्यांना भरपूर पाणी लागते व ज्यांना दुर्गंधी येते ते चर्मकार तर थेट नदीलाच चिकटून. त्यामुळे हातोड्यांचा एकसारखा ठणठणाट ऐकू आला की समजावे, आपण सफारीन चौकाजवळ आहोत आणि मशीद भिंतीपलीकडेच आहे. पायांखालून लाल-निळे पाणी वाहताना दिसले, तर रंगाऱ्यांची गल्ली आणि नदी जवळ आली. फेझमध्ये नाक आणि कान यांच्या भरवशावर चालता येते, हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही.

तिसरी गोष्ट ‘दर्ब’ची. मोठ्या वाटेवरून फुटणारी, दुकाने नसलेली आणि पुष्कळदा माथ्यावर घरे झुकून अंधारलेली गल्ली म्हणजे दर्ब. ती बहुधा पुढे बंद असते आणि पाच-दहा घरांच्या सामाईक अंगणासारखी मानली जाते. तिच्यात चुकून शिरलात तर काही बिघडत नाही. ‘सलाम’ म्हणून शांतपणे मागे वळावे. जिकडे माणसांचा ओघ आहे तिकडची वाट कोठेतरी निघते, जिकडे पाऊलही वाजत नाही तिकडची बहुधा निघत नाही.

आता तुमच्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिल्या दिवशी अर्धा दिवस अधिकृत वाटाड्या घ्यावा. पर्यटन मंत्रालयाने दिलेले ओळखपत्र त्याच्याकडे असते आणि राहत्या जागेच्या मालकाकडून त्याची व्यवस्था सहज होते. तो भराभर चार स्मारके दाखवू लागला, तर त्याला सांगावे की, आम्हाला दोन्ही तलआ, मशिदीभोवतीची फेरी आणि रसीफ चौकाकडची वाट पक्की करून द्या. दुसऱ्या दिवसापासून दोघांनीच फिरावे. खरोखरच चुकलात तर उतरत राहावे आणि रसीफ कोठे ते विचारावे. रसीफ चौकात नदीवर आच्छादन घालून रस्ता केलेला आहे, तेथपर्यंत मोटारी येतात आणि फेझच्या लाल रंगाच्या छोट्या टॅक्सी मिळतात. एका टॅक्सीत तीनच प्रवासी घेतात आणि भाडे मीटरप्रमाणे होते.

आणि ‘बालाक!’ हा शब्द घरून निघण्यापूर्वीच पाठ करून ठेवा. ‘बाजूला व्हा’ असा त्याचा अर्थ. मागून गॅसच्या टाक्या, कातड्यांचे भारे किंवा शीतपेयांची खोकी लादलेले खेचर येत असते आणि त्याचा धनी हे ओरडत असतो. वळून पाहण्यात वेळ न घालवता भिंतीला टेकावे, कारण भार खेचराच्या दोन्ही बाजूंना पुढे आलेला असतो आणि धक्का त्याचाच लागतो.

प्रश्न : मी एकटी प्रवास करते. फेझमध्ये तरुण मुले मागे लागतात, ‘पुढे रस्ता बंद आहे’ असे सांगून दुसरीकडे नेतात, असे ऐकले. हे कितपत खरे आहे?

उत्तर : खरे आहे, मात्र त्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. ‘रस्ता बंद आहे’, ‘मशीद तिकडे नाही’, ‘आजच चर्मकारांचा खास बाजार आहे’ ही तीन वाक्ये तुम्हाला हमखास ऐकू येतील. रस्ता क्वचितच बंद असतो. तो तरुण तुम्हाला ओळखीच्या दुकानात नेतो किंवा शेवटी पैसे मागतो. परवान्याशिवाय वाटाड्याचे काम करणे मोरोक्कोत बेकायदेशीर आहे आणि जुन्या शहरात पर्यटकांसाठी नेमलेले पोलीसही असतात. त्यामुळे ठाम शब्दांत ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, आभारी आहे’, असे म्हणून चालत राहिले की बहुधा विषय संपतो. थांबून समजावीत बसू नये. थांबणे म्हणजे बोलणी सुरू करणे असा त्याचा अर्थ घेतला जातो.

वाट विचारायची असेल, तर उभ्या असलेल्या माणसाला न विचारता बसलेल्याला विचारावी, म्हणजे दुकानदाराला, भाजीवालीला, चपला शिवणाऱ्या कारागिराला. त्यांना दुकान सोडून तुमच्याबरोबर यायचे नसते, म्हणून ते सरळ वाट सांगतात. ‘फीन’ म्हणजे ‘कोठे’, ‘नीशान’ म्हणजे ‘सरळ’. मुख्य वाटांवर वेगवेगळ्या रंगांच्या पर्यटन मार्गांच्या पाट्याही लावलेल्या आहेत. एकच रंग धरून चालले तर एक पूर्ण फेरी होते.

खांदे आणि गुडघे झाकणारे सैल कपडे घालावेत; त्याने लक्ष कमी वेधले जाते आणि उन्हाचाही त्रास कमी होतो. रात्री दुकाने मिटली की गल्ल्या ओळखू येत नाहीत. दुकानांच्या रंगीत मालावरून ध्यानात ठेवलेल्या खुणा त्या वेळी नाहीशा होतात, नुसत्या लाकडी फळ्या उरतात. म्हणून पहिल्या काही संध्याकाळी राहत्या जागेपर्यंत कोणाला तरी सोबत बोलवावे. टेकडीवरच्या मरीनी राजांच्या थडग्यांपासून सूर्यास्ताच्या वेळी सगळे शहर फार सुरेख दिसते, पण तेथे अंधार पडेपर्यंत एकटीने थांबू नये.

प्रश्न : आम्ही मुस्लीम नाही. मग करवीयीनसारखी वास्तू पाहायला मिळणारच नसेल, तर एवढ्या दूर जाण्यात अर्थ काय?

उत्तर : मोरोक्कोत मशिदींत बिगरमुस्लिमांना प्रवेश नसतो, कॅसाब्लांकामधील हसन द्वितीय मशीद हा सर्वांत ठळक अपवाद. करवीयीनची स्थापना परंपरेनुसार ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या स्त्रीने केली. ती आजच्या ट्युनिशियातील कैरवान येथून फेझला आलेल्या कुटुंबातली. मशिदीचे नावही त्या कैरवानकरांवरूनच पडले. येथील शिक्षणाची परंपरा अखंड असल्यामुळे जगातील सर्वांत जुने चालू विद्यापीठ म्हणून तिचा उल्लेख केला जातो. आत पाऊल टाकता येणार नाही हे खरे, पण तिला अनेक दारे आहेत, ती पुष्कळदा उघडी असतात आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून आतले प्रांगण, कारंजे आणि खांबांच्या रांगा पाहायला कोणी हरकत घेत नाही. नमाजाच्या वेळी मात्र दारात उभे राहू नये आणि आतल्या माणसांची छायाचित्रे काढू नयेत. मशिदीभोवती पूर्ण फेरी मारून पाहा. एवढी मोठी वास्तू असूनही तिचा दर्शनी भाग कोठेच सापडत नाही, कारण दुकाने आणि घरे तिला चहूबाजूंनी बिलगलेली आहेत. शहराने मशिदीला असे पोटाशी धरले आहे. दहाव्या शतकातला तिचा साधा, पांढरा मिनारही गल्लीतून दिसत नाही. तो एखाद्या गच्चीवरूनच दिसतो.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र मदरशांमध्ये आहे, कारण तेथे सर्वांना तिकीट काढून जाता येते. मरीनी सुलतानांनी तेराव्या-चौदाव्या शतकांत बांधलेली ही विद्यार्थ्यांची वसतिगृहे आहेत. करवीयीनच्या शेजारचा अत्तारीन मदरसा १३२३ ते १३२५ या काळातला. त्याचे अंगण लहानसे आहे, पण तेथे निदान अर्धा तास बसावे. खाली हाताने कातरलेल्या रंगीत तुकड्यांची ज़लीज फरसबंदी, तिच्यावर कोरीव गिलावा, त्याच्यावर देवदाराचे नक्षीदार लाकूड. जमिनीपासून छतापर्यंत नजर चढत जाते तसतसे साहित्य बदलते. मग वरच्या मजल्यावरच्या खोल्या पाहाव्यात. त्या इतक्या अरुंद आहेत की एक चटई आणि एक पोथी यांपलीकडे फारसे काही मावले नसेल. खालचे वैभव सर्वांचे आणि वरची खोली एकट्याची, ही रचना पाहून मी बराच वेळ तेथून हलले नाही.

तलआ कबीराच्या वरच्या टोकाशी असलेला बू इनानिया मदरसा त्याहून मोठा. सुलतान अबू इनान याने तो १३५०च्या दशकात बांधला. मदरसा असूनही तेथे शुक्रवारची नमाज होत असे, म्हणून त्याला स्वतंत्र मिनार आहे. अंगणातून पाण्याचा पाट वाहतो. नदीचे पाणी शहरभर फिरवणाऱ्या जुन्या योजनेची ही एक फांदी. बाहेर आलात की रस्त्यापलीकडच्या, मदरशासमोरच्या भिंतीवर मान वर करून पाहा. तेथे बारा खिडक्यांची एक ओळ आणि तिच्याखाली पुढे आलेले लाकडी आधार दिसतील. ते १३५७चे जलघड्याळ आहे. त्या आधारांवर पितळी वाट्या असत. आता ते चालत नाही, पण रस्त्यावरच्या प्रत्येकाला वेळ कळावी म्हणून कोणी एवढा खटाटोप केला, ही गोष्ट मला त्या मदरशाइतकीच मोलाची वाटते.

फेझच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या मौलाय इद्रीस द्वितीय या राजाच्या दर्ग्याजवळ जाताना गल्लीत छातीच्या उंचीवर आडवी लाकडी तुळई लागते. तिच्यापुढे दर्ग्याचा पवित्र परिसर सुरू होतो. ओझ्याची जनावरे तुळईच्या अलीकडेच थांबतात. पूर्वी बिगरमुस्लिमांनाही तेथूनच परतावे लागे. आता वाकून पलीकडे जाता येते, मात्र दर्ग्याच्या दारापर्यंतच.

प्रश्न : चामड्याच्या कुंडांची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. तेथे जाणे योग्य वाटते का? दुर्गंधी असह्य असते, असेही म्हणतात.

उत्तर : जावे, पण कशासाठी जातो आहोत हे जाणून जावे. नदीकाठचा शुवारा हा फेझमधील सर्वांत मोठा चर्मकारवाडा. वरून पाहिले तर रंगाच्या डब्यासारखी गोल कुंडे दिसतात आणि छायाचित्र तेवढ्यावरच थांबते. प्रत्यक्षात तेथे दोन निरनिराळी कामे चालू असतात. पांढरट कुंडांमध्ये चुन्याचे पाणी असते. त्यात कातडी काही दिवस भिजत ठेवली की केस सुटू लागतात आणि मग ती खरवडतात. त्यानंतर ती कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात मऊ करतात. दुर्गंधीचे मुख्य कारण हेच, आणि चामड्याच्या मऊपणाचेही हेच. रंगाची कुंडे याच्या नंतरची. त्यांत माणसे मांड्यांपर्यंत उतरून पायांनी कातडी तुडवतात. पिवळा रंग मात्र कातडे पसरून हाताने चोळतात. परंपरेने रंग वनस्पतींपासून करत, निळ्यासाठी नीळ आणि तांबूस छटेसाठी मेंदी. दुकानदार आजही सगळे रंग नैसर्गिक असल्याचे सांगतात. ते पूर्णपणे खरे मानू नये, कारण रासायनिक रंगही वापरात आले आहेत.

कुंडांपर्यंत पर्यटकांसाठी वेगळी वाट नाही. भोवतालच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरून ती पाहायची असतात. दारात पुदिन्याची काडी हातात देतात. ती नाकाशी धरावी, काहीसा उपयोग होतो. गच्चीवर गेल्याबद्दल खरेदी केलीच पाहिजे असे नाही, पण वर नेणाऱ्याला थोडे पैसे द्यावेत. सकाळी काम जोरात असते.

योग्य-अयोग्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. गच्चीवर उभे राहून खाली कष्ट करणाऱ्या माणसांकडे देखावा म्हणून पाहणे मला बोचले. म्हणून मी कॅमेरा बाजूला ठेवला आणि एकाच माणसाचे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. एका कुंडातून दुसऱ्या कुंडात कातडी नेताना तो कुंडांच्या मधल्या ओल्या, वीतभर रुंद कठड्यांवरून अनवाणी चालत होता, पाठीवर भिजलेल्या कातड्यांचा भार होता आणि त्याचा पाय एकदाही घसरला नाही. चामड्याची वस्तू घ्यायची झाली, तर तो भार आठवून भाव करावा.

प्रश्न : इतके जुने शहर आधुनिक काळात पाडले कसे गेले नाही? मी इतिहासाचा विद्यार्थी आहे.

उत्तर : याचे उत्तर एका दृष्टीने वसाहतवादाच्या इतिहासात आहे आणि ते सरळ नाही. ३० मार्च १९१२ रोजी फेझ येथेच झालेल्या तहाने मोरोक्को फ्रान्सचे संरक्षित राज्य झाले. पहिला रेसिडेंट जनरल, म्हणजे फ्रान्सचा तेथील सर्वोच्च अधिकारी, ल्योते याने नगररचनाकार आंरी प्रोस्त याच्या मदतीने असे धोरण ठरवले की, जुन्या शहरांना हात लावायचा नाही. युरोपीय वस्तीसाठी बाहेर, अंतर राखून, नवी शहरे वसवायची. त्यामुळे फेझमध्ये मदीनेतून रुंद रस्ते काढले गेले नाहीत. पण त्याच वेळी राजधानी रबातला गेली, व्यापार कॅसाब्लांकाच्या बंदराकडे गेला आणि त्यामागून फेझमधील सधन कुटुंबेही गेली. त्यांच्या मोठ्या वाड्यांत खेड्यांतून आलेली अनेक गरीब कुटुंबे एकेक खोली धरून राहू लागली. वाड्यांची डागडुजी करण्याची ऐपत कोणातच नव्हती. म्हणजे वास्तू वाचल्या, पण त्या सांभाळणारे हात दूर झाले. १९८१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केल्यावर डागडुजीला वेग आला. आजही काही गल्ल्यांत समोरासमोरच्या भिंतींमध्ये लाकडी टेकू ठोकलेले दिसतील, ते या जीर्णतेचेच चिन्ह आहे. अलीकडच्या कामांपैकी करवीयीनच्या ग्रंथालयाचा जीर्णोद्धार फार महत्त्वाचा. तो फेझमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद अज़ीज़ा शावनी यांनी केला आणि २०१६ मध्ये पूर्ण झाला.

अभ्यासकाने आणखी मागे जावे. आज एकसंध दिसणारे शहर मुळात नदीच्या दोन तीरांवरची दोन गावे होती. ७८९ मध्ये इद्रीस प्रथम याने उजव्या तीरावर आणि ८०९ मध्ये इद्रीस द्वितीय याने डाव्या तीरावर वसाहत केली. ८१८च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोबाच्या बंडानंतर हाकलले गेलेले अंदलुसी लोक उजव्या तीरावर आले, तर कैरवानची कुटुंबे डाव्या तीरावर राहिली. दोहोंना आपापला तट होता आणि आपापली मशीद होती. अकराव्या शतकात अल्मोराविद घराण्याच्या यूसुफ इब्न ताशफीनने मधले तट काढून दोन्ही गावे एक केली. म्हणून माझा आग्रह आहे की, रसीफचा चौक ओलांडून अंदलुसी तीरावर जरूर जावे. तेथे पर्यटक फारसे जात नाहीत. १३२०च्या दशकातला सहरीज मदरसा तेथे आहे आणि त्याच्या अंगणातल्या आयताकृती कुंडात सारी नक्षी उलटी उतरलेली दिसते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. पायी फिरताना रस्त्यावर काय खाता येईल?

उत्तर : सकाळच्या वेळी ‘बिसारा’ शोधावा. सुकवलेल्या बाकल्याच्या डाळीचे हे दाट सार असते. वर ऑलिव्हचे तेल आणि जिऱ्याची पूड घालून गरम पावाबरोबर देतात. पदरांची चौकोनी ‘मसेमन’ आणि जाळीदार ‘बगरीर’ मधाबरोबर मिळतात. जेवणात ‘ज़ालूक’, म्हणजे वांगी आणि टोमॅटो शिजवून केलेले भरितासारखे कालवण, तसेच मसुरीची ‘अदस’ आणि पांढऱ्या घेवड्याची ‘लूबिया’ मागावी. ‘हरीरा’ हे लोकप्रिय सूप डाळी-टोमॅटोचे दिसत असले, तरी त्यात बहुधा मांस असते. भाज्यांचा ‘ताजीन’ही पुष्कळदा मांसाबरोबरच शिजवतात. म्हणून ‘ब्ला लहम’, म्हणजे ‘मांसाशिवाय’, असे आधीच सांगावे.

पाव कोठून येतो तेही पाहावे. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, पाणपोई, हमाम, मुलांची कुराणशाळा आणि ‘फर्रान’ म्हणजे सामाईक भट्टी, या पाच गोष्टी असायच्याच. सकाळी मुले घरी मळलेल्या कणकेचे गोळे फळीवर, कापडाखाली झाकून भट्टीत नेतात. भट्टीवाला कोणाची भाकर कोणती हे ओळखून ठेवतो. दारात उभे राहून पाहण्याची परवानगी मागितली, तर तो बहुधा हसून आत बोलावतो.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात. एवढ्या चढ-उतारांचे शहर मला जमेल का?

उत्तर : उतरणे जमेल, चढणे टाळावे. बाब बू जलूदपाशी सुरुवात करावी, सावकाश खाली यावे आणि रसीफहून टॅक्सीने परत वर जावे. पावसाळी हिवाळ्यात फरशी निसरडी होते, तेव्हा रबरी तळव्यांचे बूट घालावेत. चाकांची खुर्ची मात्र या गल्ल्यांत नेता येणार नाही. पायऱ्या फार आहेत.

प्रश्न : कोणत्या दिवसांत जावे? आणि पैशांची व्यवस्था कशी ठेवावी?

उत्तर : मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. उन्हाळ्यात पारा चाळिशीला पोहोचतो. शुक्रवारी दुपारी मदीनेतील बरीच दुकाने बंद असतात. खरेदीसाठी तो दिवस वाईट, पण गल्ल्यांची रचना पाहण्यासाठी उत्तम. रमझानात दिवसा खाण्याची ठिकाणे बहुतेक बंद राहतात आणि सूर्यास्ताच्या क्षणी सगळे रस्ते एकाएकी ओस पडतात.

मोरोक्कोचे चलन दिरहम. ते देशाबाहेर सहसा बदलून मिळत नाही, म्हणून तेथे पोहोचल्यावर घ्यावे आणि निघण्यापूर्वी संपवावे किंवा परत बदलावे. सुटी नाणी खिशात ठेवावीत. एखादा वृद्ध दुकानदार अवाच्या सवा किंमत सांगू लागला, तर तो फसवतो आहे असे लगेच मानू नका. जुनी माणसे अजून ‘रियाल’मध्ये हिशेब करतात आणि वीस रियालांचा एक दिरहम होतो. ‘दिरहम की रियाल?’ असे विचारून घ्यावे.

प्रश्न : कामानिमित्त फेझला जाणार आहे आणि माझ्या हाती एकच दुपार आहे. काय पाहू?

उत्तर : बू इनानियापासून तलआ कबीराने उतरा. वाटेत कोठेही खरेदीसाठी थांबू नका. नज्जारीन चौकात सुतारांच्या जुन्या सरायीत लाकूडकामाचे संग्रहालय आहे. तिच्या आतल्या सज्जांची तीन मजली रचना पाहा. तेथून जवळच मेंदीच्या बाजाराचा लहान, झाडांच्या सावलीचा चौक आहे. त्याला लागून तेराव्या शतकापासून १९४४ पर्यंत एक रुग्णालय उभे होते. तेथे मनोरुग्णांवर उपचार होत आणि आजारी करकोच्यांचीही शुश्रूषा केली जाई, असे सांगतात. मग अत्तारीन मदरसा, आणि मशिदीला वळसा घालून सफारीन चौक. तेथे तांबटांसमोर एका झाडाखाली चहाची जागा आहे. पुदिन्याचा चहा मागवा आणि हातोडे ऐकत बसा. कारागीर एकाच वेळी मोठ्या कढया ठोकत असतात, प्रत्येकाचा ठेका निराळा असतो आणि काही वेळाने कोणता ठोका कोणाचा हे ओळखू येऊ लागते. अंधार पडण्याच्या अर्धा तास आधी उठा. रसीफ तेथून उताराने पाच-सात मिनिटांवर आहे.